दाढांचे वेळापत्रक

सकाळी सव्वासात वाजता सासऱ्यांनी चहाची बशी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि टॅबलेट उघडला. समोरच्या खुर्चीत सुनेने लॅपटॉप उघडला. आतल्या खोलीत तिचा नवरा दुसरा मोजा शोधत होता. तोवर सारे रोजच्यासारखेच होते.

सुनेने एक प्लगिन लिहिले होते : दवाखान्यांच्या वेबसाइटला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम. त्यातून रुग्ण घरबसल्या आपली वेळ ठरवत. दोनशे बारा दवाखाने ते वापरत होते. त्यांतला पहिला होता घरच्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांचाच फोन आला.

"अगं, काय जादू केलीस त्यात? तीन आठवडे दवाखान्याला शिस्तीचं वारं लागलंय! रूट कॅनॉल सगळी सकाळी, रडकी मंडळी जेवणानंतर, आणि ते दोघे भांडखोर शेजारी आता एकाच दिवशी येतच नाहीत. शनिवारी आमच्या संघटनेची बैठक आहे. साठ दवाखाने आहेत, मी तुझंच नाव सुचवणार."

सुनेने तीन महिन्यांत प्रोग्रॅमला हातही लावला नव्हता. फोन ठेवून तिने बदलांची नोंद उघडली. रुग्णांच्या एकशे चाळीस वेळा बदललेल्या होत्या, सगळ्या एकाच खात्यातून. खाते समोरच बसून चहा पीत होते. शाळेत एकतीस वर्षे वेळापत्रक लावून ते निवृत्त झाले होते.

"बाबा, दवाखान्यातल्या वेळा तुम्ही बदलल्यात?"

"बदलल्या नाहीत. लावल्या."

"अहो, पण दुसऱ्यांच्या?"

"माझी एकच होती. एका तासिकेचं वेळापत्रक कसं लागणार?"

"पण तुम्हाला दिसल्या कशा?"

"माझ्या नोंदीचा क्रमांक चारशे अठरा. चुकून चारशे सतरा टाकला, तर एक बाई निघाल्या. खाली बटण होतं, 'वेळ बदला'. आता बटण आहे म्हणजे दाबायलाच असणार ना? पण विचारल्याशिवाय एकही हलवली नाही हो. सगळ्यांना फोन केले. नंबर तिथेच होते."

"सगळ्यांना?"

"फार मोकळेपणाने बोलतात लोक. त्या चारशे सतराच्या कवळीची तर—"

"बाबा, नको!"

तिने प्रोग्रॅम उघडून पाहिला. पासवर्ड विचारून ओळख पटवून घेण्याची सोय तिने चोख केली होती. हा माणूस नक्की कोणाची वेळ बदलतो आहे आणि तसा त्याला अधिकार आहे का, हे मात्र कुठेच विचारले नव्हते. ओळख असली की काम होते, हा सगळ्यांचा जुना अनुभव तिने नकळत प्रोग्रॅममध्ये उतरवला होता. तोही दोनशे बारा ठिकाणी.

"म्हणजे मी चोरी केली का गं?" सासऱ्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"नाही बाबा. दार मीच सताड उघडं ठेवलं होतं. नशीब, तुम्ही आत शिरून आवराआवर केलीत."

दुरुस्ती पंचवीस मिनिटांत झाली : कुठलीही नोंद दाखवण्याआधी ती त्याच माणसाची आहे का, एवढे तपासायचे. प्रश्न उरला तो नव्या आवृत्तीसोबत दवाखान्यांना काय लिहायचे याचा.

"'किरकोळ सुधारणा' लिही की," एका पायात मोजा घालून नवरा दारात उभा होता. "शनिवार पार पडू दे, मग सांग सावकाश. एवढ्यात काय आभाळ कोसळतंय?"

तिने 'किरकोळ सुधारणा' लिहिलेही. ते वाचून कोणता दवाखाना घाईने नवी आवृत्ती घेणार होता? तिने स्वतः तरी घेतली असती का?

"चारशे सतरा बाईंना कवळीचं घरीसुद्धा कुणाला कळू द्यायचं नव्हतं," सासरे चहात बघत म्हणाले.

सुनेने ते दोन शब्द खोडले आणि लिहिले : "गंभीर त्रुटी. नोंदणी केलेला कोणताही रुग्ण इतरांची नावे, फोन क्रमांक आणि वेळा पाहू व बदलू शकत होता. एका दवाखान्यात तसे घडले आहे. चूक माझी आहे. नवी आवृत्ती कृपया आजच घ्या."

एकदा वाचून तिने ते दोनशे बारा जणांना पाठवले. मग फोन उचलून डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला.

"डॉक्टर, शनिवारी माझं नाव सुचवण्याआधी जरा एक ऐकून घ्या."