छापण्याआधीचा फोन

समोरचा चहा कधीच निवला होता, पण ताईचा हात काही फोनकडे जायला तयार नव्हता. दोनदा निघाला आणि दोनदा केसांवरून फिरून परत आला. काचेपलीकडे मासिकाची पानं लावणारा गृहस्थ येरझाऱ्या घालत होता. ऑफिसात त्याला सगळे ‘घाई’ म्हणत, आणि ते नाव त्याने आयुष्यभर सार्थ केलं होतं.

"ताई, छापखान्यातून विचारतायत. शेवटचं पान देताय की जाहिरात टाकू?"

"देते," ती म्हणाली. फोन करायचा होता तो तिच्या वडिलांना.

वडील म्हणजे साधी असामी नव्हती; सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत. हे मासिक त्यांनीच काढलं, चालवलं आणि आत्ता आत्ता लेकीच्या हाती दिलं. भल्याभल्यांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली, चौकात अंक जाळले, कोर्टात खेचलं, आणि त्याच भल्याभल्यांच्या गादीखाली अंक सापडले. लोक उघड्यावाघड्या फोटोंसाठी अंक घेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याच अंकात एक डॉक्टरीणबाई बायकांच्या दुखण्यांवर इतकं सरळ लिहीत, की आया तेवढं पान फाडून मुलींच्या हाती देत. ज्या गोष्टी लोक कानात कुजबुजायचे त्या मोठ्याने बोलायला लागले ते साहेबांमुळे, हे त्यांचे शत्रूसुद्धा कबूल करत. अर्थात, दातओठ खाऊन.

आणि साहेबांचा एक नियम होता. कुणाचं खाजगी काही छापायचं तर आधी त्या माणसाला फोन करून सगळा मजकूर वाचून दाखवायचा. परवानगी मागायला नव्हे. ऐकल्यावर त्याच्या तोंडून जे पहिलं निघेल, ते जसंच्या तसं शेवटी छापायला. शिवी आली तर शिवी. "थांबा, मी नीट सांगतो," म्हणून बडे बडे लोक गयावया करत, पण साहेब बधत नसत. वाचक अंक हातात पडला की आधी ती ओळ शोधत.

त्यातली एक ओळ तर अंकाबाहेर पळाली. ताई लहान असताना मुखपृष्ठावर एका तरुण मुलीचा फोटो आला होता, उघडी पाठ आणि वळवलेली मान. आत तिचं बोलणं होतं: "लाज वाटायचीच तर बघणाऱ्याला वाटू दे." ती ओळ मोर्चांच्या फलकांवर गेली, भाषणांत गेली, सासूसुनांच्या भांडणांत गेली. ताई तर त्या ओळीवरच वाढली. तोकड्या कपड्यांवरून मामाने फैलावर घेतलं तेव्हा तिने हीच ओळ त्याच्या तोंडावर फेकली होती, आणि दाराआड बाबा खुदकन हसले होते.

ती मुलगी चार दिवसांपूर्वी ऑफिसात आली. आता शिवणकाम करणाऱ्या बाई, जाड भिंगांचा चष्मा, बसताना गुडघे धरायच्या.

"ते मी बोललेच नाही," त्या म्हणाल्या. "फोटोवाल्याने कुणाला दाखवणार नाही म्हणून काढला आणि साहेबांना विकला. साहेबांचा फोन आला तेव्हा मला कळलं. मी म्हणाले, ‘साहेब, पाया पडते, माझे वडील मला घरात घ्यायचे नाहीत.’ मग नुसती रडत होते."

"आणि वडिलांनी...?"

"नाही घेतलं. आई गेली तेव्हासुद्धा दारातून परत पाठवलं."

"इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू? सगळ्यांना ती ओळ आवडत होती." बाईंनी चष्मा पुसला. "परवा एक मुलगी जॅकेट घेऊन आली. म्हणाली, मावशी, पाठीवर हे भरून द्या. मला शब्द न् शब्द सांगत होती, मी चुकू नये म्हणून! दिलं भरून, चांगल्या रेशमाने. पोरीचा काय दोष? पण मग जेवण गेलं नाही."

ताईने ते सगळं लिहून काढलं, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. उद्या त्यांचा सत्कार, आणि सभागृहाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत तीच ओळ. महिनाभर थांबावं तर बाईंना याच अंकाचा शब्द दिलेला. तिला मनापासून वाटत होतं, बाबांनी म्हणावं की ही बाई खोटं बोलते. तेही नाही तर निदान म्हणावं, चुकलो. काहीही म्हणोत, ते छापायचं होतं.

तिने डोळे मिटून नंबर लावला.

"बरं झालं फोन केलास," बाबा खुशीत होते. "उद्या कोट घालू की नुसता सदरा?"

"बाबा, मी ऑफिसातून बोलतेय. एक वाचून दाखवायचंय."

पलीकडे खुर्ची सरकली. "कुणाचं?"

"तुमचं."

ते हसले. "वा! वाच की."

तिने वाचलं. ‘पाया पडते’पाशी तिने पाणी पिऊन पुढे रेटलं. कान मात्र त्यांच्या श्वासावर होता. वाचून संपलं तेव्हा तिने बोटं कीबोर्डवर ठेवली.

बाबा म्हणाले, "ओळ चांगली होती पण."

ताईने ते टाइप केलं. बोटं आपोआप चालली.

"अगं थांब," बाबांच्याही ध्यानात आलं. "हे नव्हे. मला जरा वेळ दे, नीट सांगतो." असली गयावया तिने कितीदा ऐकली होती, पण त्यांच्या तोंडून कधीच नाही.

"बाबा, नियम तुमचाच आहे."

"तू मुलगी आहेस माझी!"

"म्हणूनच मी केला फोन. दुसऱ्या कुणाला फोन करायला सांगितलं असतं तर त्याने तुमचं पहिलं वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं."

पलीकडून धाप लागल्यासारखा श्वास ऐकू आला. तिला वाटलं, आता काही होतंय की काय. ती उठून उभी राहिली.

"कशी आहे ती?" बाबांनी विचारलं.

"शिवणकाम करते. गुडघे दुखतात."

"मी फोन ठेवला तरी रडणं कानात होतं गं. म्हणून ती ओळ लिहिली. वाटलं, अशी बोलली असती तर किती बरं झालं असतं. ऑफिसचा जिना दिसला की अजून वाटतं, ती जाब विचारायला वर येतेय. चुकलं माझं. तिला सांगशील?"

"तिला सांगेन."

त्यांनी फोन ठेवला. घाई न विचारताच आत आला, वाकून संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचू लागला आणि शेवटच्या ओळीशी थबकला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "साहेब एवढंच बोलले?"

ताईला रडू आवरेना. "एवढंच," ती म्हणाली, "पाठव."