हिरव्या शाईची चिठ्ठी

त्या रविवारी सकाळपासून मी सोळा वेळा गच्चीवर गेले आणि सोळा वेळा परत आले. कळी तशीच मिटलेली. कांद्याला आपल्या अस्वस्थतेशी काही देणेघेणे नसते. जो कांदा एजियन समुद्रातल्या एका निर्जन बेटावरून, बीजरूपाने, टपालाच्या पाकिटात बसून भोपाळला आला, त्याला तर मुळीच नसते.

चार वर्षे मी तो वाढवत होते. उन्हाळ्यात कंद कोरडा ठेवायचा, हिवाळ्यात त्याला इथे न मिळणारी थंडी द्यायची. त्यासाठी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखानदाराकडून छोटी शीतपेटी बनवून घेतली, तेव्हा त्याने आदराने विचारले होते, "मॅडम, कुल्फी का काम है?" मी हो म्हणाले. रानकांद्यांच्या वर्गीकरणापेक्षा ते समजायला सोपे होते आणि समाजाला अधिक उपयोगी.

प्रश्न एवढाच होता: या कांद्याच्या फुलात आतल्या तीन पुंकेसरांच्या देठांना दोन्ही बाजूंनी दात आहेत की नाहीत? असतील, तर तो भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे उगवणारा सामान्य रानकांदा. नसतील, तर तो केवळ त्या एका बेटाचा, आजवर अनाम. आणि त्याला नाव देणारी मी.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या संस्थेत त्याच बेटावरच्या कांद्याचा, वाळवून कागदावर चिकटवलेला एक नमुना दुसऱ्या संस्थेशी देवघेवीत आला होता. मी त्यातले एक फूल गरम पाण्यात भिजवून सुईने उघडले. दात सापडले नाहीत. मी प्रबंधाचे एक अख्खे प्रकरण लिहिले. माझे मार्गदर्शक डॉ. वसंत खानवलकर यांनी ते प्रकरण काढून टाकले, नमुन्यावर हिरव्या शाईत सामान्य कांद्याचे नाव लिहून चिठ्ठी डकवली आणि सर्वांदेखत म्हणाले, "प्रतिभाबाई, बेटावर राहिला म्हणून कांदा राजा होत नाही." सगळे हसले. मीही हसले. बाकीच्यांना मी केव्हाच क्षमा केली आहे.

आमच्या शास्त्रात एक शिस्त आहे. नमुन्यावरची जुनी चिठ्ठी कुणी काढत नाही, खोडत नाही. आपले मत वेगळे असेल तर नाव आणि तारीख घालून शेजारी दुसरी चिठ्ठी डकवायची. मग ती दोन मते शतकभर एकाच कागदावर, भाऊबंदकीत वाटणी झालेल्या घरासारखी, भिंतीला भिंत लावून नांदतात. मला त्या हिरव्या चिठ्ठीशेजारी माझी चिठ्ठी हवी होती. माणसाच्या इच्छा याहून मोठ्या असू शकतात, असे मी ऐकून आहे.

"ताई, खानवलकर सरांचा परत फोन," मेघा म्हणाली. ती माझी विद्यार्थिनी. कुंडीशेजारी बसून पानांची लांबी मोजत होती. "विचारतायत, कली खिली क्या."

"त्यांना कळीचं कुणी सांगितलं?"

"मी." ती ओशाळली. "मला वाटलं, खुश होतील. ते निघालेत, ताई. जवाहर चौकात पोचले पण."

जवाहर चौकातून माझ्या घरी यायला पाच मिनिटे लागतात. खानवलकरांना वीस लागली, कारण ब्याऐंशीव्या वर्षी ते तिन्ही मजले प्रत्येक वळणावर थांबत चढले. एका डोळ्याने त्यांना काहीच दिसत नव्हते. दुसऱ्याने माणसाचा नुसता आकार.

"लिफ्ट नसलेल्या घरात राहून शत्रूंसाठी गाळणी छान लावलीय तुम्ही," ते गच्चीवरच्या खुर्चीत बसत म्हणाले.

"काही जण त्यातूनही निसटतातच, सर."

ते मनापासून हसले. मेघाला मी लिंबे आणायला खाली पाठवले. साडेअकराच्या सुमारास पहिली कळी उघडली.

"मला दिसणार नाही. तुम्ही सांगाल ते मी मानेन." त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढले. तेच, हिरव्या शाईचे. "दात नसतील तर मी चुकलो, असं माझ्या हातानं लिहून देतो. डकवा त्याच कागदावर."

मी चिमट्याने पाकळ्या बाजूला सारल्या आणि भिंग लावले.

दात होते. स्वच्छ, टोकदार, मोजून सहा. बावीस वर्षांपूर्वीचे दात बहुधा माझ्याच सुईने तुटले होते.

"हं?" खानवलकर म्हणाले. पेनाचे टोपण काढलेले होते.

एक शब्द पुरे होता. ज्या हाताने माझे प्रकरण काढून टाकले, तोच हात आता खोटे लिहून त्याखाली सही करणार होता आणि ती चिठ्ठी कधीच कुणी काढली नसती. मी खरे बोलले, ते सचोटीने नव्हे. त्या फुलोऱ्यात अजून चाळीस कळ्या होत्या आणि मेघाकडे भिंग होते.

"आहेत," मी म्हणाले. "सहाच्या सहा."

त्यांनी टोपण लावले. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहिली. ते हसले नाहीत. त्यांचे न हसणे मला अधिकच असह्य झाले.

"सर, त्या वेळी तुम्ही फूल उघडून पाहिलं होतं?"

"कधी?"

"चिठ्ठी लिहिताना."

ते विचारात पडले. प्रामाणिक विचारात, तेवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. "नसेल बहुतेक. पुष्कळ नमुने साठले होते, दुपारी बैठक होती. एकेक फूल कुठं उघडत बसणार?"

"म्हणजे अंदाज केलात."

"बरोबर निघाला ना?"

लिंबे घेऊन वर आलेली मेघा दारातच थांबली. "क्या हुआ, ताई?"

"सर बरोबर होते," मी म्हणाले. "त्यांना सरबत दे. साखर घालू नकोस."

सोमवारी संस्था उघडताच मी कपाटातून तो कागद काढला. हिरवी शाई जराही फिकटली नव्हती. शेजारी काळ्या शाईत मी तेच नाव लिहिले, त्याच कांद्याचे, एकही अक्षर न बदलता. त्याखाली सही, तारीख आणि एक ओळ, जी त्या कागदावर आजवर कुणी लिहिली नव्हती: 'याच बेटाच्या बियांपासून वाढवलेले जिवंत फूल उघडून पाहिले.'

मग मी चिठ्ठीला गोंद लावला आणि ती अंगठ्याने दाबून धरली. गोंद वाळायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.