सासूबाईंना लागलेली सायकल

अंध मुलांच्या वाचनालयासाठी आठवडाभराचा मेळा भरला, तेव्हा सोडतीचं काम आपसूक चौकात दुकान असलेल्या चष्मेवाल्यांच्या गळ्यात पडलं. माणूस भलताच काटेकोर. तिकिटांची पेटीसुद्धा रोज घरी आणून उशाशी ठेवायचा.

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी फर्मान काढलं, "आपल्या घरातलं कुणीही तिकीट घेणार नाही. उगाच लोकांना बोलायला जागा नको."

"अहो, पहिलं बक्षीस सायकल आहे," बायको म्हणाली. "मी काय करू तिचं?"

सासूबाई ताटात बघत गप्प जेवत राहिल्या. जावयाला वाटलं, चला, त्यांनाही पटलं.

मेळ्यात चष्मेवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला सोडतीचे नियम समजावून सांगत बसायचे. निम्मी माणसं मधेच सटकायची. शेजारच्या टेबलावरचा बेकरीवाला शेवटी म्हणाला, "अहो, तिकीट विकताय की डोळे तपासताय?" मग बायकोने त्यांना उठवलं, ती स्वतः खुर्चीत बसली आणि तिकिटं भराभर खपली. काही तिकिटं बेकरीवाल्याने आपल्या दुकानातही ठेवली.

शेवटच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर पट्टी बांधली, पेटीत हात घातला आणि तिकीट सूत्रसंचालकाकडे दिलं. नंबर पुकारला गेला. तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. टाळ्यांऐवजी हशा पिकला, तशी त्यांनी पट्टी सोडली आणि घाईघाईने चष्मा चढवला.

"आई? तुम्ही?"

"हो, मीच. पाव आणायला गेले होते, येताना तिकीटही आणलं."

"हे रद्द. पुन्हा काढू."

"का बरं जावईबापू? माझे पैसे खोटे होते?"

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोक समोरच बसलेत. विचारा की!"

वाचनालयाच्या बाई स्वतः अंध. त्यांनी माइक मागून घेतला. "मला तरी यात काही काळंबेरं दिसलं नाही," त्या म्हणाल्या, आणि सगळं सभागृह खो-खो हसत सुटलं.

चष्मेवाले घामाघूम झाले. हळूच म्हणाले, "पण आई, तुम्हाला सायकल येते कुठे?"

"येत नाही म्हणून तर हवी. माहेरी सायकल आली ती भावाला. मी कधी हात लावला की ओरडा बसायचा."

 चष्मेवाल्यांनी सीट खाली करून घेतली आणि सायकल स्वतः घरापर्यंत ढकलत नेली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सासूबाई पुढे आणि सीट धरून धापा टाकणारे जावई मागे, अशी वरात निघू लागली. "समोर बघा, आई!" "तुम्ही आधी नीट धरा!" खिडक्या उघडायच्या, फुकटचे सल्ले यायचे.

महिन्याभराने सासूबाई एकट्या थेट रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या. तिथे उतरून त्यांनी जावयाच्या दुकानात फोन लावला.

"जावईबापू, जमलं हो! पण वळायचं कसं, ते तुम्ही शिकवलंच नाहीत."

चष्मेवाल्यांनी डोळे तपासायला आलेल्या माणसाला तसंच खुर्चीत बसवून ठेवलं आणि ते चप्पल शोधू लागले.