तुळसाची तबकडी

आचऱ्याच्या त्या वाडीत फोनो, म्हणजे ग्रामोफोन, एकट्या हरिश्चंद्र तोडणकराकडे होता. बोटीवर खलाशी म्हणून पंधरा वर्षं काढून तो एक्कावन्न साली कायमचा घरी आला, तेव्हा त्याने मुंबईहून हा फोनो आणि बावीस तबकड्या आणल्या.

रविवारी दुपारची जेवणं झाली की शेजारी त्याच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसत. हरिश्चंद्र पिन बदलायचा, चावी द्यायचा आणि बोलायला लागायचा. नाटकातलं पद सगळ्यात आधी. "ह्या बाईचो आवाज बघा. खालसून वर जाता, पण खंय हलणा नाय." मग सनई. सनई खरी सकाळची, हे तो दर रविवारी सांगायचा आणि दर रविवारी दुपारीच लावायचा. भजनं त्याला साधीच आवडत, फार ताना घेणाऱ्या बुवावर त्याचा विश्वास नव्हता. सिनेमाची गाणी म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट, तोंडात विरघळलं की संपलं. बोटीवरच्या आंतोनने दिलेल्या तीन कोकणी तबकड्यांबद्दल तो म्हणे, "हे रडतत, पण तालात रडतत."

गाणं सुरू झालं तरी त्याचं बोलणं चालूच राही. "आता बघ हां," "हयसर तबलो ऐक," असं मध्ये मध्ये. शेजारचा बाबली एकदा म्हणाला, "रे हरिश्चंद्रा, गाता कोण, ती बाई काय तू?" सगळे हसले. हरिश्चंद्रही हसला आणि पुढे बोलत राहिला.

त्याची बायको तुळसा उंबऱ्याच्या आत बसून ऐके. मध्येच उठून चहा ठेवी. शनिवारी मऊ फडक्याने तबकड्या पुसून ठेवायचं काम तिचं.

गेल्या मार्गशीर्षात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. त्यानंतर फोनो उघडला नाही. शेजाऱ्यांनीही विषय काढला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी हरिश्चंद्राची बहीण काशीबाई चार दिवस आधीच राहायला आली. श्राद्धाला तिच्या नावाने वाढायच्या पानावर काय ठेवायचं ते ठरवायला दोघं बसली. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, अळूची भाजी. तुळसाला काय आवडायचं ते हरिश्चंद्राने भराभर सांगितलं. भाजीत तिला फणसाच्या आठळ्या लागत, हेसुद्धा.

मग तो थांबला. काशीबाईने विचारलं, "काय झालां रे?"

"तिका तबकडी खंयची आवडा, ता माका म्हायत नाय."

"श्राद्धादिवशी फोनो लावतलंस? लोक काय म्हणतले?"

अकरा वर्षं ती त्याच्या पाठीमागे बसून ऐकत होती. कुठल्या गाण्याला ती चहा ठेवायला उठली नाही, तेही त्याला आठवेना, कारण त्याने मागे वळून कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या जुलियाकडे गेला. जुलिया आणि तुळसा रोज विहिरीवर भेटत. जुलिया माडाच्या झावळ्यांच्या झापा विणत होती.

"जुलियाबाय, मी बाजाराक गेलंय काय तुळसा फोनो लावी?"

"नाय हो. स्प्रिंग मोडात म्हणान ती भिया."

"मगे तिका आवडा खंयचा गाणां? तुका कधी बोलली?"

जुलियाचे हात थांबले. "सांगू? राग येयत तुमका."

"सांग."

"ती म्हणा, 'गाणी सगळीच बरी आसत गो. पण ह्यांचां बोलणां मधी येता. एक तरी तबकडी सुरवातीपासून शेवटापर्यंत माका ऐकाची आसा. मगे सांगान तुका, खंयची आवडली ती.'"

"माका कित्याक नाय सांगल्यान?"

"तुमी किती खुशीत असास," जुलिया म्हणाली. "तिका ता मोडूक नको होता."

श्राद्धाच्या दिवशी भटजी गेले, पंगत उठली. काशीबाई भांडी आवरत होती. हरिश्चंद्राने फोनो खळ्यात आणला, नवी पिन लावली. काशीबाई दारात आली आणि उंबऱ्याशी बसली.

त्याने नाटकातलं पद लावलं. नेहमीच्या जागेला त्याचं बोट आपोआप वर गेलं. त्याने ते खाली घेतलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पद संपताना बाई गायची थांबली आणि मागे ऑर्गन थोडा वेळ एकटाच वाजत राहिला. हा तुकडा त्याने अकरा वर्षांत ऐकला नव्हता. तिथे तो दर वेळी बोलत असे.

मग सनई, मग भजनं, मग ज्यांना तो बिस्कीट म्हणे ती गाणी. दर बाजूला पिन बदलायची, चावी द्यायची, गप्प बसायचं. बाबली आणि दोघेतिघे कुंपणाशी येऊन उभे राहिले, पण आत कुणी आलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा आंतोनच्या तबकड्या राहिल्या होत्या. काशीबाई हळूच म्हणाली, "पुरे आता. दमलंस."

"सगळी लावतंय," तो म्हणाला. "तिची खंयची, ता कोणाक म्हायत."