भट्टीवर गरम केलेले डबे

शिसं वितळवायच्या भट्टीच्या कठड्यावर जेवणाचे सात डबे होते. कढई एक, पंखा एक, तोही बंद. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं पुन्हा ओतायचं, हे इथलं काम. आणि डबे भट्टीच्या उबेवर गरम करायचे, ही इथली जुनी पद्धत.

मिस्त्रींनी डबा उचलला, तर हात असा थरथरला की झाकण खणकन खाली पडलं.

"काय मिस्त्री, भरदुपारीच?" ओतारी हसला. बाकीचेही हसले.

थट्टा सोसली असती. पण घरी बायकोनंही अबोला धरला होता. "लपून पिता, आणि वर पोट दुखतं म्हणता!" हे तिचं शेवटचं वाक्य. मिस्त्री तर आयुष्यात थेंबालाही शिवले नव्हते!

त्यांची भाची प्रयोगशाळेत रक्त तपासायची. "मामा, एकदा रक्त देऊन टाका," ती मागेच लागली.

काही वाईट निघालं तर मालक घरी बसवेल, या धास्तीनं मिस्त्रींनी आधी चार दिवस रजा घेतली, तांब्यावर तांबे पाणी प्यायले, आणि मगच रक्त दिलं.

भाची अहवाल घेऊन घरी आली. "डेसिलिटरमागे छप्पन मायक्रोग्रॅम शिसं! पाचच्या आत हवं, मामा."

"अगं, चार दिवस मी भट्टीचं तोंड पाहिलं नाही!"

"म्हणून तर दुसरी खूणही तपासली, तीही वाढलेलीच निघाली. तांबडी पेशी बनताना शिसं लोखंडाला अडवतं, मग त्याच्या जागी जस्त जाऊन बसतं. ती पेशी चारेक महिने जगते. तुमची रजा तिला काय पुसणार?"

"म्हणजे... दारू नाही?" मामीनं विचारलं.

"दारू नाही, मामी. भट्टीची वाफ आणि तो डबा!"

"तीन महिने मी यांच्याशी बोलले नाही गं!"

"तेवढाच कानांना आराम," मिस्त्री म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी दोघं एकदम हसले.

दुसऱ्या दिवशी भाचीनं अहवाल मालकांपुढे ठेवला. "यांना घरी बसवाल, तर त्याच जागी उद्या दुसरा आजारी पडेल."

तेवढ्यात ओतारी पुढे आला. "पोट माझंही दुखतं, साहेब. बोललो नाही. मलाही बेवडा म्हणाले असते."

मालकांनी सातही जणांची तपासणी करवली. भट्टीवर धूर ओढणारा पंखा बसला, जेवणाची खोली वेगळी झाली आणि मिस्त्रींना भट्टीपासून लांबचं काम मिळालं.

मित्रहो, राबणाऱ्याचा हात थरथरला, तर त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याआधी त्याच्या कामाची जागा तपासायला हवी!

सहा महिन्यांनी मिस्त्रींच्या रक्तात डेसिलिटरमागे बावीस मायक्रोग्रॅम शिसं होतं.