चंद्रीनं चघळलेलं धोतर

मित्रांनो, आधी हसून घ्या, मग सांगतो. मी एक जुनं धोतर आहे.

माझा जन्म इचलकरंजीच्या एका यंत्रमागावर झाला. त्या दिवशी माझ्यासोबत आणखी दोनशे धोतरं जन्मली, त्यामुळं बारशाचं कोणी मनावर घेतलं नाही. पुढं तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मल्हारी आबांनी मला अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, “टिकंल का?”

“आबा, तुमच्यापरीस जास्त टिकंल,” दुकानदार म्हणाला. त्याला वाटलं आपण थाप मारली.

आबांची मेंढरं होती. दिवाळी झाली की न्हावऱ्यावरून खाली उतरायचं, पारगावला भीमा ओलांडून दौंडच्या हद्दीत शिरायचं आणि तिथून चालत चालत घाट उतरून कोकणात जायचं. उन्हाळा सरता सरता परत. लोकांना वाटतं धोतराला एकच काम असतं. मित्रांनो, मी ताक गाळलंय, करवंदं वाहिलीत, आणि एकदा एका पोलीस पाटलाचं डोकं बांधलंय. त्याला आमचाच एडका धडकला होता.

पण माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट म्हणजे चंद्री. ती भीमेच्या काठी वाटेतच जन्मली. पांढरी, कपाळावर काळी कोर, आणि मागचा एक पाय आखडलेला. कळप काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. आबांनी तिला माझ्या सोग्यात बांधून पोटाशी धरलं आणि आठ दिवस चालवली, म्हणजे आबा चाललेले, ती बसलेली. आईचं दूध सापडेना की ती मला चघळायची. आठ दिवसांत मला मूठ जाईल एवढं भोक पडलं.

आबांच्या मालकीण अनसाबाई म्हणाल्या, “लोकांची मेंढरं पाला खात्यात, तुमची धोतार खाती!”

“खाऊ दी. घरचंच हाय,” आबा म्हणाले.

चंद्री मोठी झाली तरी कळपापासून चार हात लांबच उभी राहायची. आबा मोजताना तिला शेवटी मोजायचे.

मग चरायच्या रानांना तारेची कुंपणं आली, शिक्रापूरकडं प्लॉट पडले, आबांचे गुडघेही कुरकुरायला लागले. दोन वर्षांपूर्वी एक्केचाळीस मेंढरं विकली, चंद्रीसकट टेम्पोतून गेली. मेंढरं कोंडायचं वाडगं रिकामं झालं, आणि नंतर आबाही हळूहळू रिकामे होत गेले. नातू बिरदेवनं त्यांना नाईट पँट आणली. तिच्यावर इंग्रजीत ‘स्पोर्ट’ लिहिलेलं होतं. आबा ती घालून दिवसभर बाजेवर बसून राहायचे. माझी बदली बिरदेवच्या मोटारसायकलवर झाली. रोज सकाळी मी तिचं मडगार्ड पुसायचो.

आबा आता सगळ्यांनाच पाहुणे समजायचे. “पाहुणं, च्या घेतला का?” असं ते बिरदेवला विचारायचे, अनसाबाईंना विचारायचे. एकदा आरशातल्या माणसालाही विचारलं आणि तो काहीच बोलेना म्हणून रागावले. सगळ्यात जास्त लागलं ते धनश्रीला. ही त्यांची नात, शिक्रापूरच्या एका कंपनीत पार्ट तपासायच्या कामाला. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून तिनं अर्धा घाट उतरलाय. आबांची ती ‘धनी’ही आता ‘पाहुणीबाई’ झाली होती.

कळपाच्या शेवटच्या फेरीला ती सुट्टी काढून दहा दिवस सोबत चालली होती आणि मोबाईलवर शूटिंग केलं होतं. त्याचा तिनं एक छोटा सिनेमा जुळवला आणि पुण्याच्या अनुपमाताईंना पाठवला. अनुपमाताई ऑनलाइन सिनेमे दाखवायच्या. सहा रविवार, सहा सिनेमे, विषय आठवण आणि स्थलांतर. संध्याकाळी सहा वाजता ज्यानं त्यानं आपापल्या घरी लिंक उघडायची आणि सगळ्यांनी एकदम बघायचं. धनश्रीचा नंबर चौथ्या रविवारी होता.

“आबांनी आपली मेंढरं बघितली ना आज्जी, तर मला वळखतील,” ती म्हणाली.

“आन् न्हाई वळखलं तर?”

मोटारसायकलच्या सीटवर पडल्या पडल्या मी ऐकत होतो.

सरावासाठी तिनं पहिले तीन रविवारही घरच्यांना दाखवले. गावच्या विकास सोसायटीचा प्रोजेक्टर मागून आणला. तो याआधी एकदाच वापरला होता, ठिबक सिंचन समजावायला. पहिल्या सिनेमात कुठल्याशा थंड देशातला एक माणूस वीस मिनिटं रिकामी बॅग उघडत होता आणि बंद करत होता.

“ह्याचं काय हरावलंय गं?” अनसाबाईंनी विचारलं.

“आज्जी, त्याचं गाव हरवलंय.”

“मंग बॅगंत कशाला बघतोय?”

शिवाय घरातल्या एकुलत्या एक फिकट चादरीवर मोर छापलेला होता, त्यामुळं तो माणूस सगळा वेळ मोराच्या पोटातच होता. आपला सिनेमा मोराच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, असं धनश्रीनं ठरवलं. घरात कोरं पांढरं कापड शोधता शोधता ती माझ्यापर्यंत आली. मला दोनदा धुतलं, नीळ दिली आणि रिकाम्या वाडग्यात दोरीवर आडवं ताणलं. माझ्या मागं गाईच्या पेंडीचं पोतं उभं होतं. भोकाकडं घाईत कोणाचं लक्ष गेलं नाही.

मित्रांनो, पडद्याला सिनेमा दिसत नाही. त्याला बघणारे दिसतात. सहा वाजले. लॅपटॉपवर सव्वीस जण जमले होते. धनश्रीनं चार शब्द बोलून सिनेमा सुरू केला आणि धांदलीत माईक बंद करायचा विसरली. माझ्या अंगावर उजेड पडला. गुदगुल्या झाल्या. समोर आबा स्पोर्टची पँट घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भीमा ओलांडून झाली, तरी काही नाही. धनश्री सिनेमाकडं बघतच नव्हती, ती आबांकडं बघत होती.

शेवटची अकरा मिनिटं, हे मला नंतर कळलं, एकच चित्र होतं. सकाळची वेळ, पडीक रान, मेंढरं काही बसलेली, काही उभी. कोणी हलत नाही. अनसाबाईंनी जांभई दिली.

आणि आबांचे ओठ हलायला लागले. मग बोटं.

“चाळीस,” आबा म्हणाले. “येक कमी हाय.”

लॅपटॉपवरच्या सव्वीस जणांनी ते ऐकलं. एका चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतले. जर्मनीतल्या एका बाईंनी अर्थ विचारला आणि तो कळल्यावर छातीवर हात ठेवला. “धनश्री, काय ओळ लिहिलीस!” अनुपमाताई हळूच म्हणाल्या. धनश्रीनं काहीच लिहिलं नव्हतं. तिनं लॅपटॉपवर भरभर मोजलं. तिथं तर एक्केचाळीस होती.

“चंद्री कुठाय?” आबा उठून उभे राहिले.

“आवं बसा, सिनेमा हाय त्यो.”

“सिनेमा आसंल. मेंढी कुठाय?”

ते थेट माझ्यापाशी आले. दीड वर्षांनी त्यांचा हात मला लागला. अंगठ्यानं त्यांनी मला चोळलं, अगदी त्या बाजारातल्यासारखं. मग भोकापाशी थांबले, खाली वाकले आणि दोरीखालून माझ्या मागं गेले.

तिथं पेंडीच्या पोत्यावर चंद्री उभी होती. जरा पुसट, पण कपाळावर कोर होती आणि मागचा पाय आखडलेला होता. सिनेमात जिथं ती उभी होती, नेमकं तिथंच माझं भोक आलं होतं, म्हणून ती माझ्यातून पलीकडं जाऊन पोत्यावर पडली होती.

धनश्री धावत मागं आली.

“धने, थांब तितंच,” आबा दबक्या आवाजात म्हणाले. “बिचकंल ती.”

धनी तिथंच थांबली. सिनेमा संपेपर्यंत तिघंही जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी विचारलं, “पाहुणीबाई, च्या घेतला का?” खोटं कशाला सांगू! अनसाबाईंनी पदर डोळ्याला लावला. धनश्री मात्र म्हणाली, “घेतला, आबा. संध्याकाळी मेंढरं मोजायला या.”

आता लिंक बंद झाली, पण सिनेमा तिच्याकडं आहे. प्रोजेक्टर सोसायटीनं परत मागितला नाही, ठिबकचं सगळ्यांना समजलं असावं. ड्युटीवरून आली की धनश्री मला ताणते, आबा मोजतात. मोजणी तिसाच्या पुढं गेली की बऱ्याचदा पाहुणीबाईची धनी होते. काही दिवस होत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. परवा तर मोजून झाल्यावर आबांनी पारगावच्या पुढचे सात मुक्काम ओळीनं सांगितले, आणि बिरदेव मोटारसायकल तशीच धुळीत ठेवून ऐकत बसला.

मध्यंतरी अनसाबाई सुईदोरा घेऊन आल्या. “ह्ये भोक शिवते. मेंढी पडती त्यातनं.”

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “तिनंच पाडलंय. तिला ठावं हाय.”

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. घरातलं जुनं कापड मोटारसायकलला देण्याआधी एकदा उजेडापुढं धरून बघा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बोलवा. आणि कधी आमच्याकडं आलात आणि मला धुवायची वेळ आलीच, तर भोकापाशी जरा जपून पिळा. तिथं चंद्री उभी असते.