काँटेवालीचा त्रिकोण

सव्वीस वर्षं बेबीताईंनी गाड्यांना रस्ता दिला, पण रूळ कुठून कुठे न्यावेत हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. नवरा गेल्यावर त्या रेल्वेत त्याच्या जागी लागल्या आणि जबलपूरच्या यार्डात रूळ बदलणारे काटे फिरवत राहिल्या. कागदोपत्री पद ‘पॉइंट्समन’. यार्डातले लोक ‘काँटेवाली दीदी’ म्हणत. वरून हुकूम यायचा, बाई काटा फिरवायच्या, संपलं. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात. बाईंनी कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या घरात सहा बाय चारची प्लायवूडची फळी आणून टाकली आणि मुलीला, वैष्णवीला, सांगितलं, “मी रेल्वे बांधून राहिली.”

निमित्त होतं मराठी मंडळाच्या रविवारच्या छंद-प्रदर्शनाचं. पुण्याहून बदली होऊन आलेले इंजिनीअर गौतम यांना छोट्या आगगाड्यांचं वेड. त्यांनीच बाईंना एक इंजिन, दोन डबे आणि खोकंभर रूळ दिले होते. रुळांबरोबर सल्लाही आलाच.

“ताई, पहिलीच वेळ आहे. साधा लंबगोल करा.”

“गोल गोल फिरून गाडी जाते कुठं?” बाई म्हणाल्या.

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचा नकाशा काढला. एक सरळ लाईन, आणि तिच्या मधोमध त्रिकोण. इंजिनाचं तोंड फिरवायचं तर त्याला एका बाजूने टोकाला न्यायचं आणि दुसऱ्या बाजूने मागे आणायचं. ही गोष्ट बाईंच्या हाडात मुरलेली. गौतम नकाशा बघून हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, “शनिवारी संध्याकाळपर्यंत चालली तर हाच मांडू. नाहीतर माझा तयार लंबगोल आहे. गाडी तुम्हीच चालवा.”

म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या रुळांवर! बाईंनी पदर खोचला.

गुरुवारी दुपारपर्यंत गाडी सरळ लाईनवर झकास धावली. त्रिकोणाची तिसरी बाजू जोडली मात्र, वीज देणाऱ्या डबीवरचा दिवा लालभडक झाला आणि इंजिन जागच्या जागी मेलं.

“मम्मी, ये तो रुक गई! काहून थांबली?” वैष्णवी धावत आली.

बाईंनी काटे तपासले, रूळ पुसले, जोड दाबून पाहिले. दिवा लाल तो लालच. शेवटी नाइलाजाने गौतमना फोन लावला.

“तोच घोटाळा झाला ताई,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “या गाडीला वीज रुळांतूनच मिळते. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. त्रिकोणात तोंड फिरलं की धनाचा रूळ ऋणाला जाऊन भिडतो. खऱ्या रेल्वेत आयुष्य काढलेली माणसंच ही चूक करतात. लंबगोल आणू?”

“शनिवार यायचा आहे अजून,” म्हणून बाईंनी फोन ठेवला. मग मात्र त्यांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांचं शहाणपणच आडवं यावं, याचा त्यांना भयंकर राग आला.

“चलो, छोड़ो ना मम्मी,” वैष्णवी म्हणाली.

“काहून छोडू? यार्डात दोन हद्दींच्या साहेबांचं पटलं नाही तर आम्ही काय गाडी सोडून देत होतो का? गाडी मधात उभी करायची. एकाकडून सुटका घ्यायची, दुसऱ्याकडून परवानगी घ्यायची, मग सोडायची.”

बोलता बोलता बाई थांबल्या. त्रिकोणाची एक बाजू दोन्ही टोकांना तोडायची! लोखंडी जोडांच्या जागी प्लास्टिकचे जोड घालायचे आणि त्या तुकड्याला वीज स्वतंत्र खटक्यातून द्यायची. गाडी तिथे उभी करायची, बाकीच्या रुळांतली वीज उलटी करायची, मग पुढे जाऊ द्यायची.

अडचण एकच. अख्खी गाडी त्या तुकड्यात मावायला हवी. गाडी दोन फुटांची, बाजू दीड फुटाची. बाईंनी नकाशा टराटरा फाडला आणि शुक्रवारभर नवा काढला. त्रिकोण एका अंगाला कलंडला, देखणेपण गेलं, पण लांब बाजू अडीच फूट भरली. गाडी तिथे थांबणारच, तर बाईंनी तिथे पुठ्ठ्याचा फलाट बांधला आणि त्यावर आपल्या माहेरची पाटी लावली, ‘बरगी’.

शनिवारी संध्याकाळी गौतम आले. लंबगोल त्यांच्या कारमध्ये तयारच होता. बाईंनी गाडी सोडली. ती डौलात वळली, त्रिकोणात शिरली आणि उभी राहिली.

“अडकली?” गौतम म्हणाले.

“अडकली नाही जी. स्टेशन आलं.”

बाईंनी दोन्ही खटके फिरवले, आधी बाकीच्या रुळांचा, मग या तुकड्याचा. गाडी फलाट सोडून टोकाला गेली, दुसऱ्या बाजूने मागे आली आणि तोंड फिरवून सरळ लाईनला लागली. दिवा हिरवा! वैष्णवीने टाळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. गौतमनी गाडी आणखी तीनदा फिरवायला लावली, मग खिशातून कागद काढून नकाशा उतरवून घेऊ लागले. बाईंची छाती अशी फुगली की पाणी विचारायचंही भान राहिलं नाही.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये टेबलाभोवती ही गर्दी. कार्डावर लिहिलं होतं, ‘आराखडा : बेबीताई’. गौतम सवयीने खटक्यांपाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना हटवलं नाही.

“फिरवा तुम्हीच, गौतमजी,” त्या म्हणाल्या. “पण मी सांगीन तेव्हा.”

आणि इंजिनीअरसाहेब खटक्यावर बोट ठेवून काँटेवालीच्या हुकुमाची वाट बघत उभे राहिले.